बियाण्याची कणगी आणि पैशाची खाती

भाताची मळणी झाली की शेतकऱ्याच्या घरात सगळा भात एकाच ढिगात राहत नाही. घरात खाण्याचा भात वेगळा होतो, विकण्याचा वेगळा आणि निवडून, वाळवून ठेवलेला बियाण्याचा भात त्याहून वेगळा. ज्येष्ठ-आषाढात खाण्याची कणगी तळाला गेली तरी घरची बाई शेजारून पायलीभर तांदूळ उसने आणील, पण बियाण्याच्या कणगीला हात लावणार नाही. हा नियम तिला कोणी शाळेत शिकवलेला नसतो. बियाणे खाल्ले की पुढचे वर्ष गेले, हे तिला ठाऊक असते.

धान्याच्या बाबतीत आपण इतके शहाणे आहोत. मग पैशाच्या बाबतीत तसे का वागत नाही? उसाचे बिल, दुधाचे बिल, काजूचे पैसे, मुंबईला किंवा गोव्याला नोकरीस असलेल्या मुलाने पाठवलेली रक्कम, सर्व काही एकाच पासबुकात पडते आणि त्याच पासबुकातून सर्व काही निघून जाते. त्यातले किती खताचे, किती शाळेचे, किती दुखण्याखुपण्याचे, हे कोणालाच सांगता येत नाही. आमचे मत असे की शेतकरी कुटुंबाने आपली बचत कामाकामाप्रमाणे वेगवेगळ्या खात्यांत ठेवावी. हे श्रीमंतांचे काम नव्हे. ज्याच्याकडे थोडे आहे, त्यालाच याची गरज अधिक आहे.

एकाच खात्याचा धोका

नोकरदाराला दर महिन्याला पगार मिळतो. एका महिन्यात चूक झाली तर पुढच्या महिन्यात सावरता येते. शेतकऱ्याचे तसे नाही. आपल्या बेळगाव-खानापूर भागात उसाचा पैसा वर्षातून एकदा येतो, आणि तोही वेळेवर येईलच असे नाही. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांच्या आत पैसे मिळाले पाहिजेत आणि उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज मिळाले पाहिजे. परंतु कायदा कागदावर असतो आणि शेतकरी वाट पाहत बसतो. ऊसदराचा प्रश्न किती तापतो, हे २०२५ च्या नोव्हेंबरात बेळगाव जिल्ह्यातील गुर्लापूर क्रॉसवर सर्वांनी पाहिले.

असा उशिरा आलेला मोठा पैसा एकाच खात्यात पडला की पहिले पंधरा दिवस घर श्रीमंत असल्यासारखे वाटते. पासबुकावर लाखाचा आकडा दिसतो. कोणी नवा फोन मागतो, कोणाला मोटारसायकल हवी असते, पाहुण्यांच्या लग्नात आहेर थोडा जड होतो. यातला कोणताही खर्च पाप नव्हे. पण त्या लाखातले चाळीस हजार पुढच्या हंगामाचे आहेत, पंधरा हजार जूनमधल्या शाळेचे आहेत, हे त्या आकड्यावर कुठेच लिहिलेले नसते. आकडा एकच असला की तो सगळाच खर्च करण्याजोगा वाटतो.

मग मे अखेर येते. धूळवाफ पेरणीची घाई, खताची पोती, नांगरटीचे भाडे, मुलांची फी, हे सर्व एकदम दाराशी उभे राहते. खात्यात शिल्लक नसते. त्याच वेळी घरात कोणी आजारी पडले, तर माणूस खाजगी सावकाराकडे जातो. शेकडा तीन हा दर ऐकायला लहान वाटतो, परंतु तो महिन्याचा असतो. वर्षाला ते ३६ टक्के झाले. वीस हजार रुपये दहा महिने वापरले तर सहा हजार रुपये नुसते व्याज गेले. तेच पीककर्ज किसान क्रेडिट कार्डावर वेळेवर फेडणाऱ्याला सालीना ४ टक्क्यांनी पडते. सावकाराला दिलेले ते सहा हजार कशाचे होते? पुष्कळदा ते मुलीच्या शिक्षणाचे किंवा म्हशीच्या पेंडीचे असतात.

ही युक्ती नवी नाही

थोडा थोडा पैसा बाजूला काढण्याची सवय आपल्या प्रांताला जुनी आहे. उडुपीत १९२५ साली सुरू झालेल्या, पुढे सिंडिकेट बँक या नावाने ओळखल्या गेलेल्या बँकेने १९२८ साली पिग्मी योजना काढली. बँकेचा माणूस दारोदार फिरून रोज दोन आण्यांपासून पैसे गोळा करी. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या बाजारपेठांतील भाजीवाल्या बायका आणि छोटे दुकानदार पिग्मी भरत आले. ती बँक २०२० च्या एप्रिलमध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली, पण पिग्मी हा शब्द आपल्या बोलीत राहिला. पिग्मीचे खरे बळ व्याजात नव्हते. पैसा गल्ल्यातून उठून दुसऱ्या जागी जात असे, हे तिचे बळ होते.

अलीकडे विद्वानांनीही ही गोष्ट तपासून पाहिली आहे. दिलीप सोमण आणि अमर चीमा या दोन अभ्यासकांनी भारतातील बांधकाम मजुरांवर केलेला प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. आठवड्याच्या मजुरीतून बाजूला काढलेली रक्कम काहींना एका बंद पाकिटात दिली, तर काहींना तेवढीच रक्कम दोन पाकिटांत विभागून दिली. ज्यांची रक्कम दोन पाकिटांत होती त्यांची बचत अधिक टिकली. पाकिटावर स्वतःच्या मुलांचे चित्र लावले तर ती आणखी टिकली. पाकीट फाडताना मनुष्य क्षणभर थांबतो आणि विचार करतो. वेगळ्या खात्याचा उपयोग नेमका हाच आहे. ते पैसे वाढवीत नाही, पण हात थांबवते.

खाती किती आणि कोणती?

येथे अतिरेक टाळावा. दहा खाती काढली तर दहा पासबुके सांभाळता येणार नाहीत आणि शेवटी सर्वच बंद पडतील. आमच्या मते साधारण शेतकरी कुटुंबाला चार कप्पे पुरेत.

पहिला कप्पा घरखर्चाचा. रोजचे खाते हेच. दुधाचे बिल, मजुरी, मुलाने पाठवलेले पैसे यात यावेत आणि किराणा, वीज, बसभाडे यातून जावे. फोनवरून पैसे देण्याची सोय फक्त याच खात्याला जोडावी. आजकाल चहाच्या टपरीवरही फोन दाखवून पैसे देता येतात आणि खिशातून नोट काढताना जी टोचणी लागते ती लागत नाही. शिवाय फोनवरून फसवणूक झालीच, तर नुकसान घरखर्चाच्या खात्यापुरते राहील. फसवणूक झाल्याचे कळताच १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे.

दुसरा कप्पा शेतीचा. ही आपली बियाण्याची कणगी. ऊसबिल आल्या दिवशीच पुढच्या हंगामाचा खर्च बाजूला काढून ठेवावा. किती? मागील वर्षाचे बियाणे, खत, औषध, नांगरट आणि मजुरी यांची बेरीज करावी आणि त्यात थोडी वाढ धरावी. ज्यांचे पीककर्ज आहे त्यांनी त्याची परतफेडही याच कप्प्यात धरावी, कारण तारीख चुकली की सवलतीचे व्याज हातचे जाते. हे पैसे सहा-सात महिने लागणार नसतील तर तेवढ्या मुदतीच्या ठेवीत ठेवावेत.

तिसरा कप्पा दुखण्याचा. याविषयी पुढे सविस्तर लिहितो.

चौथा कप्पा ठरलेल्या मोठ्या खर्चांचा. शाळा-कॉलेज, लग्न, घराची दुरुस्ती, नाताळ आणि गावचे फेस्त. यांची तारीख आधीपासून माहीत असते. डिसेंबरात नाताळ येणार हे जानेवारीतही ठाऊक असते, मग त्यासाठी ऐन वेळी हातउसने का घ्यावे? या कप्प्यासाठी पोस्टाचे रिकरिंग खाते चांगले. महिना १०० रुपयांपासून ते उघडता येते, मुदत पाच वर्षांची असते आणि एका माणसाला अशी कितीही खाती काढता येतात. बचत खाते मात्र पोस्टात एकट्याच्या नावे एकच मिळते, हे ध्यानात ठेवावे. नाताळासारख्या वर्षाच्या खर्चाला बँकेचे एका वर्षाचे रिकरिंग सोयीचे पडते. दहा वर्षांच्या आतील मुलगी घरात असेल, तर २०१५ साली सुरू झालेले सुकन्या समृद्धी खाते अवश्य उघडावे. वर्षाला किमान २५० रुपये भरावे लागतात आणि मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर किंवा दहावी उत्तीर्ण झाल्यावर शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. मध्येच मनात आले म्हणून हे पैसे काढता येत नाहीत. शिक्षणाच्या पैशाला हे बंधन हिताचेच आहे.

उदाहरणार्थ, एखाद्या घरात तोडणी-वाहतूक आणि सोसायटीचे कर्ज वजा जाऊन ऊसबिलाचे एक लाख रुपये हाती आले. त्यातले ४० हजार शेतीच्या कप्प्यात, २५ हजार घरखर्चाला, १५ हजार शाळेला, १० हजार दुखण्याला आणि १० हजार सणवार-लग्नकार्याला अशी वाटणी करता येईल. हा हिशेब प्रत्येक घराने आपापल्या परीने बदलावा. पण वाटणी पैसा आल्या दिवशीच व्हावी. आठवड्याने वाटू म्हणणाऱ्याकडे वाटायला फारसे उरत नाही.

दुखण्याचा कप्पा

चारांपैकी एकच कप्पा काढणे शक्य असेल तर तो हाच काढावा, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. पुष्कळ लोक म्हणतात, "आमच्याकडे आयुष्मान कार्ड आहे, आम्हांला कसली काळजी?" २०१८ पासून सुरू झालेल्या या योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचार मिळतात. २०२४ पासून सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या सर्व वृद्धांना तिचा लाभ खुला झाला आहे. कार्ड जरूर काढावे. परंतु ते मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. खानापूरहून बेळगावला गाडी करून जाण्याचे भाडे, रोग्याबरोबर राहणाऱ्याचे जेवण, बुडालेली मजुरी, मधुमेह आणि रक्तदाब यांच्या रोजच्या गोळ्या, दाखल न होता केलेल्या तपासण्या, हे सर्व आपल्याच खिशातून जाते.

हे पैसे हाताशी नसले की मनुष्य दवाखाना पुढे ढकलतो. "ऊसबिल आले की जाऊ" असे म्हणतो. पायाची जखम चिघळते, छातीतली कळ अंगावर काढली जाते, बाळंतपणातील तपासणी चुकते. उशिरामुळे दोनशे रुपयांत निभावणारे दुखणे वीस हजारांवर जाते, आणि कधी कधी पैशांनीही भरून न येणारी हानी होते. म्हणून दुखण्याचा कप्पा ही पैशाची गोष्ट असली तरी ती आरोग्याचीही गोष्ट आहे.

हा कप्पा कुलूपबंद मात्र नसावा. केनिया देशात पास्कलीन दुपा आणि जोनाथन रॉबिन्सन यांनी केलेला प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. आरोग्यासाठी बचत करणाऱ्या काही लोकांना साधी किल्लीची पेटी दिली आणि किल्ली त्यांच्याच हाती ठेवली. त्यांचा आरोग्यावरील खर्च चांगला वाढला. ज्यांच्या पेटीची किल्ली दुसऱ्याकडे होती, त्यांच्यात फारसा फरक पडला नाही. गरज पडल्यास आपलेच पैसे मिळणार नाहीत, ही भीती माणसाला बचतीपासून दूर ठेवते. तेव्हा दुखण्याचे पैसे पाच वर्षांच्या मुदतीत अडकवू नयेत. साध्या बचत खात्यात ठेवावेत. व्याज कमी मिळेल, मिळू द्यावे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहितो. हे खाते घरच्या बाईच्या नावे, किंवा नवराबायको दोघांच्या नावे आणि दोघांपैकी कोणालाही पैसे काढता येतील असे असावे. घरात मूल तापाने फणफणले, घरधनी परगावी असला, तर दवाखान्यात तीच जाते. तिने पैशासाठी दारोदार फिरावे आणि पासबुक मात्र घरधन्याच्या पेटीत बंद असावे, हे योग्य नाही.

काही आक्षेप

पहिला आक्षेप असा की उत्पन्नच तोकडे, तर वाटायचे काय? मान्य आहे. पण बियाण्याची कणगी गरीब घरातही वेगळी असते. दुधाच्या दर बिलातून पन्नास रुपये काढले तरी वर्षाला पैसे साठतात, आणि पहिले लक्ष्य फक्त पाच हजारांचे धरावे. पुढे तीन महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम जमवावी.

दुसरा आक्षेप कर्जाचा. "डोक्यावर सावकाराचे कर्ज असताना बचत कशी करावी?" हा प्रश्न रास्त आहे. शेकडा तीनचे कर्ज तसेच ठेवून सहा-सात टक्क्यांच्या ठेवी वाढवणे शहाणपणाचे नाही. अशा घराने दुखण्याचे पाच हजार बाजूला काढावेत, शेतीचा कप्पा राखावा आणि उरलेला सर्व पैसा आधी सावकाराच्या कर्जात घालावा. ते पाच हजार का ठेवायचे? कारण पुढच्या तापाला पुन्हा त्याच सावकाराच्या दारी जाऊ नये म्हणून.

तिसरा आक्षेप असा की जास्त खाती म्हणजे जास्त कटकट. खात्यात किमान शिल्लक नसेल तर काही बँका पैसे कापतात, हे खरे. खाते उघडताना हे विचारून घ्यावे. स्टेट बँकेने २०२० साली आणि कॅनरा बँकेने २०२५ साली बचत खात्यावरील किमान शिल्लकेची अट काढली. जनधनसारखे मूलभूत खाते ज्या बँकेत आहे, त्याच बँकेत दुसरे बचत खाते मिळत नाही, परंतु ठेव किंवा रिकरिंग उघडता येते. आणि ज्या खात्यात दोन वर्षे काहीच देवघेव होत नाही ते निष्क्रिय ठरते. म्हणून प्रत्येक खात्यात वर्षातून एकदा तरी काही रक्कम भरावी वा काढावी.

चौथे म्हणणे असे की भिशी आहे, बचत गट आहे, सोने आहे. भिशी आणि गट यांनी पुष्कळ घरे सावरली आहेत. पण भिशीचा नंबर आपल्या दुखण्याची वेळ पाहून लागत नाही. सोने अडीअडचणीला उपयोगी पडते, पण लहान खर्चासाठी बाईच्या गळ्यातले गहाण टाकणे कोणाला आवडते? या गोष्टी खात्यांच्या जोडीला असाव्यात, त्यांच्या जागी नव्हेत.

पैसा कोठे ठेवावा?

जेथे अर्धा-एक टक्का जास्त मिळतो तेथे धावू नये. बँकेतील ठेवींना ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. हे संरक्षण एका माणसाला एका बँकेत मिळून आहे. त्याच बँकेत त्याने स्वतःच्या नावे चार खाती काढली म्हणून ते वीस लाख होत नाही. सहकारी बँकांना हा विमा लागू आहे. मात्र पतसंस्था आणि सौहार्द सहकारी संस्था यांतील ठेवींना तो नाही. २०१९ च्या सप्टेंबरात पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा ठेवीदारांना आरंभी केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. ती तर बँक होती. तेव्हा दुखण्याचा आणि शेतीचा कप्पा बँकेत किंवा पोस्टातच ठेवावा.

प्रत्येक खात्याला वारसाचे नाव लावावे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेतील ठेवीला चार जणांपर्यंत नावे लावता येतात. दहा वर्षे कोणी न विचारलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते. वारसाला ती मागता येते, पण खाते होते हेच घरात ठाऊक नसेल तर मागणार कोण? म्हणून एका वहीत सर्व खात्यांची नोंद करावी आणि ती वही कोठे असते हे घरातील दोन माणसांना तरी माहीत असावे.

त्याच वहीत आणखी एक शिस्त पाळावी. एका कप्प्यातून दुसऱ्यात पैसे घ्यावे लागले, तर ते उसने घेतले असे लिहून ठेवावे आणि पुढच्या बिलातून परत करावे. ओढाताण झाली तर आधी सणवाराचा कप्पा कमी करावा, नंतर घरखर्च आवळावा. मांडवाची शोभा थोडी कमी झाली तर कोणाचे काही बिघडत नाही. शेतीच्या कप्प्याला मात्र हात लावू नये, आणि दुखण्याच्या कप्प्याला दुखण्याशिवाय हात लावू नये.

या हंगामाचे ऊसबिल काही घरांत आले असेल, काहींत यायचे असेल. ते खात्यात पडेल त्याच दिवशी नवराबायकोने पासबुक आणि वही घेऊन अर्धा तास बसावे, मोठ्या मुलांनाही जवळ बसवावे, आणि कोणता पैसा कशाचा हे ठरवून दुसऱ्या दिवशी बँकेत जावे.